मन नसताना प्रार्थना करावी का?

चि. सोनूस,

जय ख्रिस्त.

तुझा प्रश्न असा: पुण्याला आजी रोज रात्री जेवणाआधी सगळ्यांना सतरंजीवर बसवते, अभंग, शास्त्रपाठ, प्रार्थना असं सगळं होतं. पण मनात काहीच वाटत नसताना ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणणं खोटं नाही का? इथे परदेशातल्या तुझ्या मैत्रिणींकडे तर असं काही नसतं.

खोटं नाही. खोटेपणा शिरतो, पण भलतीकडून. आधी घरची उपासना कशी चालते ते नीट समजून घे.

ती पंधरा मिनिटांची असते आणि पंधरा मिनिटांचीच असावी. आधी गीत, त्यातलीही दोनच कडवी. आजी अभंग म्हणते म्हणून तुला ते ‘चर्चसारखं’ वाटत नाही, पण मराठी ख्रिस्ती घरांत हीच जुनी रीत आहे. गोव्यातले इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण 1616 साली छापलं गेलं, तेसुद्धा ओवीत. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (1861–1919) आपली भक्ती अभंगांतून आणि भजनांतून गायली. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरं असतात, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. त्यामुळे पुस्तक न उघडता, टाळावर, अंधारातसुद्धा म्हणता येतो. लाईट गेले तरी उपासना थांबत नाही, हा त्याचा खरा फायदा.

मग बायबलमधलं एक स्तोत्र. स्तोत्रं 150 आहेत, रोज एक घेतलं तर पाच महिन्यांत संपतात. 119 वं मात्र एका बैठकीत घ्यायचं नाही. त्यात 176 वचनं आहेत, आठ-आठ वचनांचे 22 भाग पडतात, रोज एक भाग पुरे. नंतर नव्या करारातला एक अध्याय. एकूण अध्याय 260. आठवड्यातून पाच दिवस वाचले की बरोबर 52 आठवडे होतात आणि दोन दिवस राहून गेलेलं भरून काढायला उरतात. वर्षात अख्खं बायबल संपवायला रोज तीन-चार अध्यायांचा संकल्प करणारे बहुतेक जुन्या करारातल्या लेवीयाच्या पुस्तकात अडकतात आणि मग सगळंच सोडून देतात. वाचून झाल्यावर मिनिटभर कुणी बोलायचं नाही. हे मिनिट सगळ्यात आधी गाळलं जातं. ते गाळू नकोस.

शेवटी प्रार्थना. प्रत्येकाने तीनच गोष्टी म्हणायच्या: एक आभार, घराबाहेरच्या एका माणसासाठी विनंती, एक स्वतःची चूक. मग सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना, म्हणजे तुझं ते ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. कॅथलिक घरांत या वेळेला जपमाळ असते, पाच दशकं, प्रत्येकात दहा वेळा मारियेची प्रार्थना. रीत वेगळी, शिस्त तीच.

आता यात बिघडतं काय? मोठी माणसं प्रार्थनेतून टोमणे मारतात. ‘प्रभू, या घरातल्या काही जणांना सकाळी लवकर उठण्याची बुद्धी दे’ ही प्रार्थना नव्हे, डोळे मिटून दिलेलं व्याख्यान आहे. दुसरं म्हणजे ठरावीक शब्दांची आगगाडी: ‘हे दयाळू, कृपाळू, सर्वसमर्थ...’ असं पाच मिनिटं. शब्द सुचत नसतील तर स्तोत्रातले घे. 13 वं स्तोत्र सहाच वचनांचं आहे आणि ‘कोठवर’ असं देवालाच चार वेळा विचारतं. 88 वं तर अंधारातच संपतं. हे पवित्र शास्त्रात आहे, म्हणजे मन कोरडं असताना देवापुढे बसायला परवानगी आहे. ढोंग तेव्हा होतं, जेव्हा कोरडं मन ओलं असल्याचं दाखवलं जातं.

रोजचं हे बसणं कशासाठी, ते योहानाच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायावरून कळतं; तिथे येशू स्वतःला द्राक्षवेल आणि आपल्याला फांद्या म्हणतो. जुन्नर-नारायणगावकडचा बागायतदार तो अध्याय पटकन समजेल. तो वर्षात दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तेव्हा वेल उघडीबोडकी दिसते. उन्हाळ्यात नव्या काड्या येतात आणि त्यांच्या डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते, बाहेरून काहीच दिसत नाही. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर घड बाहेर येतो खरा, पण तो येणार की नाही हे उन्हाळ्यातच ठरलेलं असतं. रोजचं बसणं म्हणजे हा उन्हाळा. नत्र आणि पाणी जास्त झालं की वेल माजते, पाला भरपूर, घड नाही. तसेच सभेत रडणारे, मोठमोठ्याने ‘हालेलुया’ म्हणणारे आणि घरी मोलकरणीशी धड न बोलणारे लोक तुला पुण्यातही भेटतील, इथेही.

फळ कोणतं, ते गलतीकरांस पत्रात दिलं आहे: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. एकट्याने खोलीत बसून यातली बरीचशी तपासता येत नाहीत. म्हणून ते आपल्याला लागलं की नाही, हे धाकट्या भावाला विचारायचं.

आता खोटेपणा कुठे शिरतो ते. अनेक मराठी मंडळ्यांत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरी आणि प्याला घेणं. जुन्या घरांत आदल्या शनिवारची रात्र भांडणं मिटवायला राखून ठेवतात. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो, वेदीपाशी आठवलं की भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी समेट कर. पद्धत सोपी आहे, करायला जड. काय केलं ते नेमकं सांगायचं: ‘तुझी वही न विचारता घेतली आणि नाही म्हणाले.’ वाक्यात ‘पण’ येऊ द्यायचा नाही. घेतलेलं परत करायचं, जक्कय नावाच्या जकातदाराने तर येशूसमोर चौपट परत द्यायचं कबूल केलं होतं. आणि समोरच्याने लगेच माफ करावं असा हट्ट धरायचा नाही. ‘चुकून काही बोललो असेन तर क्षमा कर’ याला क्षमा मागणं म्हणत नाहीत. हे न करता भाकरी आणि प्याला घेणं, ते खोटं.

उपवासाचंही तसंच. आपला उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत 46 दिवस होतात, सहा रविवार वगळले की चाळीस. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्यालाही लागू आहे: मटण सोडून पनीरवर ताव मारला तर उपवास कसला? जे सोडलं त्याचे पैसे वेगळ्या पाकिटात टाकायचे आणि गरजूला द्यायचे, यशया 58 मध्ये उपवासाचा अर्थच भुकेल्याला वाटा देणं असा आहे. तू वाढत्या वयाची आहेस, जेवण सोडायचं नाही. फोन सोड, तो जास्त दुखेल.

दशमांश: दहा डॉलर मिळाले की एक आधी बाजूला. गाजावाजा नाही.

पुढच्या वेळी पुण्याला गेलीस की गुरुवार पेठेतलं पंचहौदचं पवित्र नाम देवालय बघच, पण दौंडच्या वाटेवर केडगावलाही जा. पंडिता रमाबाईंनी 1896–97 च्या दुष्काळातल्या मुलींना तिथे आसरा दिला. ‘मुक्ती’ या त्यांच्या तिथल्या आश्रमात प्रार्थना होती आणि तिच्याबरोबर शेती, विणकाम, छापखानाही होता. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणलं, साध्या बायकांना वाचता यावं म्हणून. ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 साली प्रसिद्ध झालं. भक्ती मनात काय वाटतं यावर मोजायची की हातून काय होतं यावर, हे त्या आवारात फिरताना तुझं तू ठरव.

तोवर इथे सोमवारपासून मार्कचं शुभवर्तमान घेऊ. सोळा अध्याय आहेत, रोज एक, शनिवार-रविवार सुट्टी. अभंग तू निवड. चाल अडली तर आजीला फोन कर, ती फोनवर टाळ वाजवून शिकवेल.

तुझी,
आई