चांदीच्या नाण्याला चुंबक चिकटतं, दाद कुठे मागू?

प्रश्न (खानापूर): मुलीच्या वाढदिवसासाठी ‘स्टीमबोट विली’ या जुन्या कार्टूनपटावरची दोन स्मारक नाणी ऑनलाइन 19,000 रुपयांना घेतली. जाहिरातीत ‘एक औंस शुद्ध चांदी, लीगल टेंडर’ असं होतं. शहापुरातल्या सराफाकडे प्रत्येक नाणं 24 ग्रॅमच भरलं, चुंबकही चिकटतं. विक्रेता म्हणतो, आधी नाणी परत पाठवा, मग बघू. बिलावर ‘वाद मुंबई न्यायक्षेत्रात’ असं छापलंय.

उत्तर: ताई, मुंबईच्या खेपा घालायचं कारण नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 34 प्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. तुम्हाला बेळगावचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. बिलावरच्या छापील ओळीने तो हक्क जात नाही. एवढ्या रकमेला फी नाही, मुदत दोन वर्षं.

‘लीगल टेंडर’वरून भांडू नका. 1928 च्या या लघुपटावरची नाणी पॅसिफिकमधल्या न्युए बेटाच्या नावाने निघतात. ती तिथलं कायदेशीर चलन असतात, आपल्याकडे नाही. त्या मुद्द्यावर विक्रेता निसटेल. त्याला चांदीवर धरा. चांदीचा औंस म्हणजे 31.1 ग्रॅम, आणि चांदीला चुंबक चिकटत नाही.

म्हणूनच नाणी हातची सोडू नका. कुरियरने गेली की पुरावाच गेला. सराफाला कसोटीवर घासू देऊ नका, फक्त वजनाची सही-शिक्क्याची चिठ्ठी घ्या. शुद्धतेची तपासणी कलम 38 खाली आयोगच प्रयोगशाळेकडून करून घेऊ शकतो. जाहिरातीचे स्क्रीनशॉट आजच काढा, उद्या ती पानं दिसतीलच असं नाही. ते दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं. विक्रेत्याशी झालेल्या मराठी चॅटला इंग्रजी किंवा कन्नड भाषांतर जोडा.

मला काळजी वाटते ती तुम्ही पाठवलेल्या चॅटमधल्या तुमच्याच एका वाक्याची: ‘पुढे भाव वाढला की विकून टाकू.’ पुनर्विक्रीसाठी माल घेणारा कायद्याने ग्राहक ठरत नाही, आणि समोरचा वकील नेमकं तेच वाक्य उचलणार. ते पुसू नका. तक्रारीतच स्वच्छ लिहा की नाणी मुलीला भेट द्यायला घेतली, तुमचा नाण्यांचा धंदा नाही. माझ्या मते एका वाक्याने कुणी व्यापारी होत नाही.

आधी विक्रेता आणि ज्या संकेतस्थळावरून घेतली ते, दोघांनाही स्पीड पोस्टने पंधरा दिवसांची नोटीस द्या. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करून ठेवा. आणि तोवर ही नाणी कुणालाही चांदीची म्हणून विकू नका, फसवणुकीचा ठपका तुमच्यावर येईल.