कळ कुणाची मोठी?

वाचकांचे प्रश्न, भूलतज्ज्ञाची उत्तरं

प्रश्न : मोबाइलवर एक मेसेज फिरतोय. माणसाला जास्तीत जास्त ४५ ‘डेल’ वेदना सोसतात, बाळंतपणात बाईला ५७ डेल होतात, म्हणजे एकाच वेळी वीस हाडं मोडल्याइतक्या. मी तो नवऱ्याला मोठ्यांदा वाचून दाखवला. त्याला मुतखड्याचा त्रास झालेला आहे. तो म्हणतो, ‘तुझ्या कळांना मध्ये उसंत तरी होती, मला तीही नव्हती.’ तेव्हापासून घरात खडाजंगी चालू आहे. तुम्ही दोन्हीकडचे पेशंट बघता, तुम्हीच निकाल द्या. – दोन मुलांची आई

उत्तर : निकाल देते, पण आधी तो मेसेज डिलीट करा. ४५ ही सोसण्याची हद्द असेल तर ५७ सोसले कुणी? आणि डेल नावाचं एककच नाही. होता तो ‘डोल’. १९४०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये हार्डी, वुल्फ आणि गुडेल या संशोधकांनी तो काढला. कपाळाला काळं फासायचं, त्यावर दिव्याची उष्णता सोडायची आणि कधी दुखायला लागलं ते विचारायचं, अशी पद्धत. त्यांची मोजपट्टी साधारण साडेदहा डोलला संपायची. त्यापुढे उष्णता वाढवली तरी दुखणं वाढल्याचं लोक सांगेनात. याच पद्धतीने पुढे बाळंतपणाच्या कळाही मोजल्या गेल्या. दोन कळांच्या मध्ये बाईच्या हातावर उष्णता द्यायची आणि विचारायचं, मघाची कळ एवढी होती का? आमच्या लेबर रूममध्ये कुणी असा दिवा घेऊन आला असता तर सिस्टरांनीच त्याला बाहेर काढला असता. पुढे इतरांच्या हाती तसे नेटके आकडे लागेनात आणि डोल मागे पडला.

आता पुरुष आणि बायका. प्रयोगशाळेत बर्फाच्या पाण्यात हात बुडवायला सांगतात. दुखायला कधी लागलं ही एक वेळ, हात कधी बाहेर काढला ही दुसरी. दोन्ही बाबतींत बायका सरासरीने पुरुषांच्या आधी थांबतात. हे तुम्हाला आवडणार नाही, पण बऱ्याच प्रयोगांत असंच दिसलं आहे. नवऱ्याने यावर लगेच कॉलर ताठ करू नये. एक तर ही सरासरी आहे. पुष्कळ बायका पुष्कळ पुरुषांपेक्षा जास्त वेळ हात बुडवून बसतात. दुसरं म्हणजे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं, की वेदनेची नोंद घ्यायला समोर बाई असली की पुरुष कमी दुखतंय म्हणून सांगतात, पुरुष असला की जास्त. मग मोजलं काय, वेदना की ऐट?

हे मला रिकव्हरी रूममध्ये रोज दिसतं. ऑपरेशन झालेल्या माणसाला आम्ही विचारतो, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय? एक उंचापुरा गृहस्थ मला ‘तीन’ म्हणाला. कॉटचा कठडा त्याने इतका घट्ट धरला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती, मॉनिटरवर नाडी एकशे वीस. मी पाठ फिरवली आणि तो वॉर्डबॉयला म्हणाला, ‘मेलो रे.’ मी परत फिरून औषध दिलं. तीनचं नव्हे, मेलो रेचं.

फरक शरीरातही आहे, सगळा वागण्याचा नाही. अर्धशिशी घ्या. वयात येईपर्यंत मुलगे आणि मुली यांत फारसा फरक नसतो, नंतर मात्र बायकांत ती जवळजवळ तिप्पट आढळते. क्लस्टर हेडेक नावाची भयंकर डोकेदुखी उलट पुरुषांना जास्त होते. २०१५ साली उंदरांवरच्या एका अभ्यासात तर असं निघालं, की नसेच्या इजेनंतरचं जुनाट दुखणं नरांमध्ये मज्जारज्जूतल्या मायक्रोग्लिया या पेशी चालवतात आणि माद्यांमध्ये बहुधा टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या रक्तपेशी. दुखणं तेच दिसतं, त्याच्या मागची यंत्रणा वेगळी. आणि त्याआधी कित्येक वर्षं वेदनेचे बहुतेक प्रयोग नर उंदरांवरच होत होते!

राहिला मुतखडा. खडा अडकला की लघवी तुंबून मूत्रपिंड आणि मूत्रनलिका ताणली जाते, आणि तुमचे यजमान म्हणतात ते खरं आहे : कळ ओसरली तरी खाली ठणका बरेचदा चालूच राहतो. बाळंतपणाची कळ साधारण मिनिटभर टिकते आणि सोडते. पण हे तासन्‌तास चालतं, आणि शेवटी गर्भाशयाचं तोंड दहा सेंटिमीटर उघडावं लागतं. मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली वेदनेची प्रश्नावली तयार केली. तिच्यात पहिलटकरणींच्या कळांचे सरासरी गुण पाठदुखी आणि कॅन्सरच्या वेदनेच्याही वर गेले. बोट तुटण्याचे त्याहून वर होते. पण त्याच बायकांत काहींना अगदी सौम्य कळा आल्या होत्या आणि काहींना असह्य. मुतखडा आणि बाळंतपण दोन्ही भोगलेल्या बायका मला भेटतात. त्यांच्यातही एकमत नाही, तर तुमच्या स्वयंपाकघरात कुठून होणार? निकाल असा : ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि ट्रॉफी कुणालाच नाही.

प्रश्न : मला आठवा महिना लागलाय, पहिलीच वेळ. वेदनारहित प्रसूतीचं इंजेक्शन घ्यावं असं मला वाटतं. सासूबाई म्हणतात, ‘आम्ही नाही का सोसलं? पाठ कायमची जाते.’ नवरा म्हणतो, बाईला निसर्गाने ताकद दिलेली असते. मला मात्र भीतीच वाटते. मी भित्री आहे का?

उत्तर : नाही. दाढ काढताना तुमच्या यजमानांना भुलीचं इंजेक्शन नको असेल तर त्यांनी निसर्गाच्या ताकदीबद्दल जरूर बोलावं.

हा वाद जुना आहे. १८४७ साली एडिंबरामध्ये प्रसूतितज्ज्ञ जेम्स यंग सिम्पसन यांनी प्रसूतीत आधी ईथर आणि मग क्लोरोफॉर्म वापरला, तेव्हा बाईने वेदनेतच जन्म द्यावा अशी ईश्वराची इच्छा आहे, असं सांगणारे निघाले. १८५३च्या एप्रिलमध्ये राणी व्हिक्टोरियाने आठव्या बाळंतपणात डॉक्टर जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतला आणि आवाज बराच खाली आला. राणीला भित्री कोण म्हणणार?

आज आम्ही देतो तो एपिड्युरल. ऐकीव भीती जाते ती नीट माहिती मिळाल्यावर, म्हणून सगळं सांगते. तुम्हाला कुशीवर झोपवतात किंवा बसवतात. ‘मांजरासारखी पाठ काढा,’ असं मी सांगते, म्हणजे मणक्यांमधली फट उघडते. आधी कातडी बधिर करतो, ते टोचणं जाणवतं. मग कळ येते; आम्ही थांबतो. कळ गेली की कमरेच्या मणक्यांमधून सुई हळूहळू आत जाते. तिला जोडलेल्या सिरिंजचा दट्ट्या माझ्या अंगठ्याला घट्ट लागत असतो, आणि एका क्षणी तो एकदम हलका होतो. तीच जागा. तिथे केसासारखी बारीक नळी ठेवून सुई बाहेर काढतो. पाठीत राहते ती नळी, सुई नव्हे; हे बऱ्याच जणींना ठाऊकच नसतं. औषध चढायला दहा ते वीस मिनिटं लागतात. कळ येतेय हे कळतं, पोट कडक होतं, पण ती ओरबाडत नाही.

सासूबाईंच्या मुद्द्याचं उत्तर : टोचलेल्या जागी काही दिवस हुळहुळतं. पण एपिड्युरलमुळे पाठ कायमची दुखते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. बाळंतपणानंतर पाठ दुखते ती इंजेक्शन न घेतलेल्यांचीही. सिझेरियनची शक्यताही त्याने वाढत नाही. आता खरे तोटे. रक्तदाब उतरू शकतो, म्हणून सलाइन लावून तो सारखा तपासतात. खाज सुटते, कधी ताप येतो. पाय जड होतात. बाळ बाहेर येण्याचा टप्पा थोडा लांबू शकतो. शंभरात साधारण एकीला सुई किंचित पुढे गेल्यामुळे नंतर बसलं की डोकं दुखण्याचा त्रास होतो, त्यावर उपाय आहे. कधी एकच बाजू बधिर होते, मग नळी सरकवावी लागते. रक्त पातळ होण्याची औषधं चालू असतील, प्लेटलेट फार कमी असतील किंवा टोचायच्या जागी जंतुसंसर्ग असेल, तर आम्हीच नको म्हणतो. हे सगळं आत्ताच, आठव्या महिन्यात, तुमच्या हॉस्पिटलच्या भूलतज्ज्ञाला भेटून विचारा. रात्रीही ते असतात का, हेसुद्धा विचारा. कळांच्या मध्ये संमतिपत्र वाचायला कुणाचं डोकं ठिकाणावर असतं?

आणि समजा तुम्ही ठरवलंत की नको, तेही चालेल. मग मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक विश्वासाचं माणूस शेजारी हवं. अशा सोबतीने वेदनाशामकांची गरज कमी होते, हे अभ्यासांतून नीट दिसलेलं आहे. सासूबाईंना आत घ्यायचं तर हातात हात द्यायला घ्या, स्वतःचं बाळंतपण सांगायला नको.

प्रश्न : बाई कळा विसरते, म्हणून तर दुसरं मूल होतं, असं म्हणतात. खरं का?

उत्तर : निम्मं खरं. स्वीडनमध्ये बायकांना बाळंतपणानंतर पाच वर्षांनी पुन्हा विचारलं, तेव्हा सुमारे निम्म्या जणींना वेदना आधी सांगितल्यापेक्षा कमी आठवत होती. बाकीच्यांना तेवढीच, आणि काहींना आधीपेक्षाही जास्त. दुसरं मूल का होतं, याची कारणं भूलशास्त्राच्या कक्षेबाहेरची आहेत.

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा. रात्री झोपेत त्याच्या एका वृषणात अचानक दुखायला लागलं, उलटीही झाली. लाजेने तो सकाळपर्यंत काही बोलला नाही. हॉस्पिटलात नेईपर्यंत उशीर झाला होता, ते वृषण काढावं लागलं. त्याचे वडील अजून कौतुकाने सांगतात, ‘पोराने रात्रभर हूं की चूं केलं नाही.’ ते ऐकून माझं डोकं फिरतं. माझं चुकतंय का?

उत्तर : तुमचं डोकं योग्य कारणासाठी फिरतंय. याला वृषणाला पीळ पडणं म्हणतात, इंग्रजीत टॉर्शन. रक्तवाहिन्याच पिळल्या जातात, रक्त थांबतं. साधारण सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर वृषण बहुतेक वेळा वाचतं, पुढे दर तासाला आशा कमी होत जाते. वयात येणाऱ्या मुलांत हे जास्त दिसतं आणि कित्येकदा झोपेतच सुरू होतं. वडिलांना हे वाचून दाखवा. त्यांना दुखवायला नव्हे. त्यांच्या तोंडची ती शाबासकी मुलाचे मित्र, चुलतभाऊ सगळे ऐकत असतील, म्हणून. मुलालाही सांगा की एक वृषण निरोगी असेल तर संप्रेरकं तयार व्हायला आणि मूल व्हायला सहसा अडचण येत नाही. हा प्रश्न त्याच्या मनात असणारच, आणि तोही तो विचारणार नाही.

प्रश्न : माझं वय १९. पाळीत पहिले दोन दिवस मी कॉलेजला जाऊ शकत नाही, एकदा चक्कर येऊन पडले. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांनाच होतं, आत्ताच एवढं सोसवत नाही तर पुढे बाळंतपण कसं सोसशील? आईलाही ते पटलं.

उत्तर : मला पटलेलं नाही. बायका सोसतात या कौतुकाची दुसरी बाजू हीच आहे. २००८ साली अमेरिकेतल्या एका इमर्जन्सी विभागाचा अभ्यास आला. पोटात तीव्र दुखतंय म्हणून आलेल्या पुरुषांना वेदनाशामक मिळायला साधारणपणे ४९ मिनिटं लागली, बायकांना ६५. आणि तीव्र वेदनेवरची अफूवर्गीय औषधंही बायकांना कमी वेळा दिली गेली. वेदना दोघांनी सांगितली होती सारखीच.

पाळीत गर्भाशयात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, त्यांनी स्नायू आवळले जातात. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड ती तयार होणंच कमी करतं, म्हणून गोळी दुखायला लागताच घ्यायची, जीव कासावीस झाल्यावर नव्हे. काहीतरी खाऊन घ्या. दमा, ॲसिडिटीचा अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. त्यानेही उतार पडत नसेल तर एंडोमेट्रिओसिसची, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराची, शंका घ्यायला हवी. पाळी चालू असण्याच्या वयातल्या साधारण दहातल्या एकीला तो असतो, आणि निदान व्हायला कित्येकदा वर्षंच्या वर्षं जातात. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून तो नाहीच, असंही नसतं.

पुढच्या वेळी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाताना दोन-तीन पाळ्यांची नोंद घेऊन जा. ‘खूप दुखतं’ एवढंच सांगू नका, समोरचा ते आपल्या मापाने मोजतो. कोणत्या दिवशी कॉलेज बुडलं, किती गोळ्या घेतल्या, किती तासांनी उतार पडला, शौचाला किंवा लघवीला दुखतं का, पाळी नसतानाही ओटीपोट दुखतं का, हे लिहा. चक्कर आल्याची तारीख सगळ्यात वर. आईला बरोबर न्या आणि तो कागद आधी तिला वाचायला द्या.