शाळेत गप्प राहणाऱ्या मुलीसाठी घरातले मराठी बंद करावे का?

न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागातील एका सार्वजनिक शाळेत मी समुपदेशक म्हणून काम करते. भारतातून नव्याने आलेल्या मराठी पालकांचा एक प्रश्न माझ्याकडे वर्षातून अनेकदा येतो : मूल शाळेत तोंडच उघडत नाही, तर घरी मराठी बंद करून इंग्रजी सुरू करावे का? या प्रश्नाचे उत्तर मी एका मुलीच्या अनुभवातून देणार आहे. तिची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि तिचे नावही घेतलेले नाही.

मुलगी बारा वर्षांची होती. सोलापूर जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत तिचे शिक्षण झाले होते. काकांनी अनेक वर्षांपूर्वी भरलेला अर्ज मंजूर झाल्यामुळे आईवडिलांबरोबर ती २०२४ च्या जानेवारीत इथे आली आणि शाळेचे वर्ष अर्धे सरले असताना सातवीच्या वर्गात बसली. एप्रिलमध्ये तिची आई मला भेटायला आली, तेव्हा तीन महिन्यांत मुलगी वर्गात एक शब्दही बोललेली नव्हती. आईला मात्र याचा पत्ता नव्हता, कारण पालकसभेत दुभाषी म्हणून मुलीलाच उभे केले होते आणि शिक्षिकेने काळजीने सांगितलेल्या चार वाक्यांचे तिने आईसाठी एकच वाक्य केले होते : "मॅडम म्हणतात, माझं सगळं छान चाललंय."

यात मुलीचा दोष मला दिसत नाही. परक्या देशात आधीच भांबावलेल्या आईला आणखी घोर लागू नये, म्हणून तिने ते केले. दोष आम्हा मोठ्यांचा आहे. पालकांना कळेल अशा भाषेत माहिती देणे हे शाळेचे काम आहे. मराठी जाणणारे कोणी शाळेत नसेल, तर फोनवरून दुभाषी मागता येतो आणि त्यासाठी पालकांना पैसे द्यावे लागत नाहीत. हे काम मुलावर कधीही टाकू देऊ नये.

खरी परिस्थिती मी सांगितल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, इंग्रजी लवकर यावं म्हणून जाऊबाई सांगत होत्या. घरात मराठी बंद करा म्हणाल्या, त्यांची मुलं तशीच शिकली. दोन आठवडे झाले, आम्ही बंद केलंय." त्या दोन आठवड्यांत घरी काय बदलले, असे मी विचारले. पूर्वी संध्याकाळी आई भाकरी थापत असताना मुलगी ओट्याला टेकून दिवसभराचे सगळे सांगायची : बसमध्ये कोण शेजारी बसले, डब्यातली चटणी पाहून कोणी नाक मुरडले, जिम म्हणजे नुसते धावणे कसे असते. आता आईजवळ 'ईट', 'स्लीप' आणि 'होमवर्क डन?' एवढेच शब्द होते. त्यामुळे मुलगी मान हलवायची, जेवायची आणि खोलीत निघून जायची.

मला सर्वांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटली. नवी भाषा कानावर पडू लागल्यावर काही आठवडे, कधी काही महिने, मूल नुसते ऐकत राहणे ही नेहमीची अवस्था आहे. ते आतल्या आत शब्द गोळा करत असते. पण शाळेत गप्प असलेल्या या मुलीला मनातले सगळे पूर्णपणे बोलता येईल अशी एकच जागा उरली होती, आणि ती घरच्यांनी तिच्या भल्यासाठीच बंद केली होती. मी आईला सांगितले की आज संध्याकाळपासून घरात पूर्वीसारखेच मराठी बोला, तेही पोटभर बोला.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला बोलावून तिच्यासमोर पानाच्या छेदाचे एक चित्र ठेवले. वर्गात तोच धडा चालू होता आणि तिचा चाचणीचा कागद कोरा आला होता. "हे काय आहे, मला मराठीत लिहून दे," एवढेच मी म्हटले. तिने वीस मिनिटांत दीड पान लिहिले. त्यात प्रकाशसंश्लेषण होते, हरितद्रव्य होते, पर्णरंध्रांतून कार्बन डायऑक्साइड आत कसा येतो ते होते, आणि रात्री झाडाचे काय होते याबद्दल तिची स्वतःची एक शंकाही होती. तो कागद मी विज्ञानाच्या शिक्षकांना ओळीओळीने वाचून दाखवला. त्यानंतर त्यांनी तिला उत्तर आधी मराठीत लिहून नंतर त्यातील पाच शब्द इंग्रजीत भरायला सांगण्याची पद्धत सुरू केली. गणिताच्या वहीतही असेच काही सापडले. ती १,२५,००० असा स्वल्पविराम देत होती आणि इथे तो १२५,००० असा देतात, म्हणून बरोबर उत्तरांखाली लाल खुणा होत्या. अंश, छेद, लसावि ही सगळी गणिते तिला येत होती, फक्त त्यांची इथली नावे तिच्यापर्यंत पोचली नव्हती.

वडिलांची चिंता वेगळी होती. मुलीला 'इंग्लिश लँग्वेज लर्नर', म्हणजे इंग्रजी नव्याने शिकणारी, ठरवून ज्या तासाला बसवले होते, त्याला न्यूयॉर्कमध्ये ईएनएल (इंग्लिश ॲज अ न्यू लँग्वेज) म्हणतात आणि आपली माणसे अजून ईएसएल (इंग्लिश ॲज अ सेकंड लँग्वेज) म्हणतात. तो शिक्का पुढे कॉलेजपर्यंत चिकटेल, असे त्यांना वाटत होते. "शाळाप्रवेशाच्या वेळी घरची भाषा इंग्रजी आहे असंच लिहायला हवं होतं," असे ते म्हणाले. हा सल्ला आपल्या लोकांत सर्रास दिला जातो आणि मला तो मुलाचे नुकसान करणारा वाटतो. घरच्या भाषेची प्रश्नावली भरल्यावर मुलाची मुलाखत आणि चाचणी होते, तिच्यावरून पातळी ठरते, दर वसंतात पुन्हा परीक्षा होते आणि इंग्रजी पुरेसे आले की मूल त्या यादीतून बाहेर पडते. त्यानंतरही दोन वर्षे काही मदत चालू राहते. यादीत असेपर्यंत परीक्षेला जादा वेळ मिळतो आणि शब्दाला शब्द देणारा द्विभाषिक कोश जवळ ठेवता येतो. खोटे लिहिले की हे सगळे हातचे जाते आणि पहिल्या चाचणीत नापास झालेले मूल निव्वळ 'कच्चे' ठरते.

ही मदत शाळेची मेहेरबानी नाही. सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी वंशाच्या सुमारे १८०० मुलांना इंग्रजीसाठी कोणतेही साहाय्य न देता वर्गात बसवले जात होते, म्हणून पालक न्यायालयात गेले आणि १९७४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. भाषा न कळणाऱ्या मुलाला इतरांसारखेच पुस्तक आणि तेच बाक दिले म्हणजे समान वागणूक झाली असे होत नाही, हे तेव्हा मान्य झाले. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक शाळांत सुमारे नऊ लाख मुले शिकतात आणि त्यांपैकी एक लाखाहून अधिक इंग्रजी नव्याने शिकणारी आहेत. आपले मूल त्यांच्यात बसले म्हणून मान खाली घालण्याचे काहीच कारण नाही. खेळाच्या मैदानापुरते इंग्रजी वर्षा-दोन वर्षांत येते, पण धड्यातील आणि परीक्षेतील इंग्रजीला पाच ते सात वर्षे लागतात, असे जिम कमिन्स यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. घरी पक्की झालेली भाषा त्या काळात मुलाच्या कामी येते.

वडिलांनी आणखी एक गोष्ट दबक्या आवाजात विचारली : त्या तासाला 'तसली' मुले असतात ना? त्यांचा रोख निर्वासितांच्या निवाऱ्यातून येणाऱ्या मुलांकडे होता. त्यांच्या मुलीशेजारी इक्वेडोरहून आलेली एक मुलगी बसत होती. शहराने हॉटेलात उघडलेल्या निवाऱ्यात तिचे कुटुंब राहत होते. दोघींची भाषा एक नव्हती, पण वहीच्या मागच्या पानावर त्या चित्रे काढायच्या आणि त्यांच्याखाली तीन भाषांत नावे लिहायच्या. मांजराच्या चित्राखाली मराठीत, स्पॅनिशमध्ये आणि इंग्रजीत लिहिलेले नाव मी स्वतः पाहिले आहे. मी वडिलांना ते पान दाखवले. त्यांनी ते नीट वाचले आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

त्या वर्षी शहराने स्थलांतरित कुटुंबांच्या निवाऱ्यातील मुक्कामाला साठ दिवसांची मुदत घातली होती. मैत्रिणीच्या कुटुंबाला शहराच्या ब्रॉन्क्स या दुसऱ्या भागातील निवाऱ्यात जावे लागले. बेघर मुलांना जुन्या शाळेतच राहण्याचा हक्क कायद्याने आहे, त्यामुळे ती आमच्याकडेच राहिली, पण तिची बस रोज उशिरा येऊ लागली. जूनच्या पहिल्या आठवड्यात एके सकाळी शिक्षिकेने हजेरी घेतली, तिचे नाव दोनदा पुकारले आणि गैरहजेरी मांडू लागल्या. तेव्हा आमची मुलगी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "नो मिस. शी इज कमिंग. हर बस इज लेट."

शिक्षिका मधल्या सुट्टीत धावतच माझ्याकडे आल्या. मी संध्याकाळी आईला फोन केला, तर तिला सगळे आधीच ठाऊक होते. भाकऱ्या होईपर्यंत मुलीने तिला ते मराठीत दोनदा सांगितले होते, शिक्षिकेच्या चेहऱ्याची नक्कल करून दाखवली होती, आणि त्यात 'लेट' म्हणावे की 'डिले', असा प्रश्नही आईलाच विचारला होता.