ब्लॉक केलेली टॉरेंट साइट उघडली, तर पोलीस घरी येतात का?

तुमचा प्रश्न असा आहे: नेटचं कनेक्शन वडिलांच्या नावावर, धाकटा भाऊ टॉरेंटवरून चित्रपट उतरवतो, आणि परवा एक साइट उघडताना 'न्यायालयाच्या आदेशाने बंद, तीन वर्षांपर्यंत कैद' अशी सूचना दिसली. आता पोलीस येतील का, आणि नेट देणारी कंपनी हे सगळं बघत असते का?

सूचना दिसली म्हणून कुणी येत नाही. ते डोमेन, म्हणजे साइटचं नाव, तुमच्या कंपनीच्या बंद-यादीत आहे, एवढाच तिचा अर्थ. मी काही वर्षं एका ब्रॉडबँड कंपनीच्या नेटवर्क विभागात होतो. न्यायालयाचे आणि दूरसंचार विभागाचे आदेश यायचे, सोबत पत्त्यांची यादी असायची आणि आम्ही ती बंद करायचो. तो पत्ता कोणकोणत्या ग्राहकांनी टाकून पाहिला, हे माझ्या काळात कधी कुणी विचारलं नाही.

या सूचनेचा मजकूर २०१६ मध्ये बराच गाजला होता. नुसतं 'पाहणं'ही गुन्हा आहे असं तिच्यात लिहिलं होतं आणि लोक हबकले होते. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात एका हिंदी चित्रपटाच्या प्रकरणात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी स्पष्ट केलं, की अशी प्रत नुसती पाहणं हा कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा होत नाही. परवानगीशिवाय ती वाटणं, जाहीरपणे दाखवणं, विकणं किंवा भाड्याने देणं हा होतो. त्यांनी सूचनेचा मजकूर बदलायला लावला आणि ज्याची साइट चुकून बंद झाली असेल त्याने दाद कुठे मागायची, हेही त्यात घालायला सांगितलं. सरसकट साइट बंद करायला त्यांनी आधी नकार दिला होता. नेमक्या लिंक तपासून आणा, असा त्यांचा आग्रह होता. तो मला आजही योग्य वाटतो. २०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या एका आदेशाचा आधार घेऊन काही नेट कंपन्यांनी व्हिमिओसारखी व्हिडिओंची अख्खी साइट बंद केली होती. चोरीशी काहीही संबंध नसलेल्या लोकांचं स्वतःचं काम त्यामुळे दिसेनासं झालं. शेवटी, फक्त ठरावीक लिंक बंद करा, असा खुलासा त्याच न्यायालयाला करावा लागला.

अडचण अशी, की आता जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएसवर आहेत, म्हणजे मजकूर कुलूपबंद होऊन येतो-जातो. तुम्ही कुठल्या डोमेनवर गेलात ते कंपनीला दिसू शकतं. त्यातलं कुठलं पान उघडलंत ते दिसत नाही. त्यामुळे एकच लिंक बंद करायची तर ती त्या साइटवाल्यालाच काढावी लागते. नेट कंपनीच्या हाती उरतं ते अख्खं डोमेन. दिल्ली उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०१९ च्या निकालात यातून एक वाट काढली: जिचा मुख्य धंदाच चोरीचा माल वाटणं आहे, मालकाचा पत्ता लागत नाही आणि जी तक्रारींना दाद देत नाही, ती साइट पूर्ण बंद करता येईल; आणि तीच साइट नव्या नावाने उगवली, तर नवा दावा न लावता ते नाव आदेशात जोडून घेता येईल. तुम्हाला दिसलेली सूचना बहुधा अशाच एखाद्या आदेशामुळे आली असावी.

आता भावाबद्दल, कारण खरी काळजी तिथे आहे. टॉरेंट लावलं की फाइल उतरत असतानाच तिचे तुकडे तुमच्या मशीनवरून इतरांना जात असतात. म्हणजे तो नुसता पाहत नाही, वाटतोही आहे. आणि हे चोरून होत नाही: त्या फाइलवर असलेल्या प्रत्येकाला तुमचा आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या कनेक्शनचा नेटवरचा क्रमांक, दिसतो. चित्रपट कंपन्यांनी नेमलेली माणसं त्याच गर्दीत सामील होऊन पत्ता आणि वेळ टिपून घेतात. पुढे पोलिसांनी रीतसर विचारलं, तर नेट कंपनीला लॉगवरून, म्हणजे कुठला पत्ता कधी कुणाकडे होता या नोंदींवरून, ग्राहकाचं नाव सांगावं लागतं. परवान्याच्या अटीनुसार हे लॉग किमान दोन वर्षं ठेवावे लागतात. छोट्या कंपन्यांत एकच आयपी अनेक घरांना मिळून दिलेला असतो, म्हणून पोर्ट क्रमांक (त्या आयपीतलं नेमकं कनेक्शन ओळखायचा आकडा) आणि नेमकी वेळही जुळवावी लागते. तरी जे नाव निघेल ते वडिलांचं असेल.

जाणूनबुजून कॉपीराइट मोडला तर कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. व्यवहारात आपल्याकडे पोलीस चित्रपट फोडणाऱ्यांच्या आणि साइट चालवणाऱ्यांच्या मागे असतात. घरोघर नोटिसा धाडण्याची जर्मनीसारखी पद्धत इथे रुजलेली नाही. तिकडे शिकायला गेलेल्या आपल्या मुलांना मात्र एका चित्रपटापायी वकिलाचं शेकडो युरोंचं पत्र येऊ शकतं. भाऊ पुढे तिकडे जाणार असेल, तर त्याला हे आजच सांगा.

भीती बाजूला ठेवली तरी मला हे थांबावंसं वाटतं. मराठी चित्रपटाला चांगले शो मिळतात ते पहिले तीन-चार दिवस; त्या दिवसांत प्रत फिरली की निर्मात्याचा पुढचा चित्रपटच अडतो.

टॉरेंट हे तंत्र बेकायदा नाही. लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइली लोक त्यावरून राजरोस उतरवतात. भावाला चित्रपटांच्या फाइली बंद करून टॉरेंटच्या ॲपमधूनही काढून टाकायला सांगा, नाहीतर मशीन सुरू झालं की वाटप पुन्हा सुरू होतं. वायफायचा पासवर्ड शेजारीपाजारी गेला असेल तर तोही बदला. आणि उद्या एखादी सरळमार्गी साइट अशी बंद दिसली, तर कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला (अशा कामांसाठी नेमलेल्या माणसाला) मेल करून कुठल्या आदेशाने बंद केली ते विचारा.