दुसरी व्हायल कोणासाठी?

"मॅडम, माझ्या हातून चूक झाली आणि निरपराध माणूस आत गेला तर?"

मी समुपदेशक. फॉरेन्सिक लॅबमध्ये काम करणारी माणसं माझ्याकडे येऊ लागली, त्याला आता बरीच वर्षं झाली. एकीने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसरीला, असं ते वाढत गेलं. विषविज्ञानातले, डीएनए विभागातले, हस्ताक्षरं तपासणारे, एकदा तर मोबाइलमधला पुसलेला मजकूर परत काढणारा मुलगा. येताना तक्रारी वेगळ्याच असतात: झोप लागत नाही, घरी कोणाशी बोलावंसं वाटत नाही. चौथ्या-पाचव्या भेटीत मात्र वरचं वाक्य बाहेर पडतं, शब्द थोडे इकडचे तिकडे. हल्ली या क्षेत्रात जाऊ पाहणारी मुलंही तेच विचारतात. त्यांच्या आयांना आधी प्रेतांची भीती वाटते, पण ती लवकर जाते, कारण लॅबमध्ये बहुतेकांच्या पुढ्यात प्रेत येतच नाही. येते ती सीलबंद बाटली आणि तिच्यासोबतचा कागद. चुकीची भीती मात्र नोकरीबरोबर मुरत जाते.

म्हणून एकीची गोष्ट सांगते. तिने परवानगी दिली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

ती तिशीतली. विषविज्ञान विभागात सात वर्षं, काम मुख्यतः रक्तातलं अल्कोहोल मोजण्याचं. मी "तुम्ही" म्हणायला सुरुवात केली तर म्हणाली, "मला अहोजाहो नका करू, कोर्टात उभी असल्यासारखं वाटतं." बाटलीवरचं प्रत्येक लेबल ती अकरा वेळा वाचायची. अकराच का, ते तिला सांगता यायचं नाही. घरी पोहोचल्यावर पुन्हा मागे फिरून लॅबच्या फ्रीजचं कुलूप पाहून यायची. टेबलावर केसेस साचत चालल्या होत्या, वरिष्ठ नाराज होते. आणि एक स्वप्न वारंवार पडायचं: ती साक्षीच्या पिंजऱ्यात, समोर वकील, आणि तो काही विचारतच नाही. नुसता बघत राहतो.

पहिल्या तीन भेटी मी वाया घालवल्या, हे कबूल करते. मी अल्बर्ट एलिस या मानसोपचारतज्ज्ञाच्या पठडीतली. माणसाला त्रास होतो तो 'च'मुळे, असं मी मानते. 'चूक होऊ नये' ही इच्छा झाली. 'चूक होताच कामा नये' हा हट्ट, आणि दुखणं त्या हट्टात असतं. हे तिला समजावलं. तिला पटलं. घरचा अभ्यास तिने असा करून आणला की वर्गात लावावा: तक्ता, तारखा, वेळा. आणि लेबल वाचण्याचा आकडा अकरावरून तेरावर गेला. तोही तिनेच आणला, आलेखासकट.

शिवाय दर भेटीच्या शेवटी ती विचारायची, "नाही ना होणार चूक?" आणि मी म्हणायचे, "इतकी काळजी घेतेस, कशी होईल?" तहानलेल्याला खारं पाणी द्यावं तसं होतं ते. दारातून बाहेर पडेपर्यंतच पुरायचं.

चौथ्या भेटीत ती म्हणाली, "मी त्या बाईसारखी आहे."

"कोणत्या?"

तिने मॅसॅच्युसेट्समधल्या एका लॅबच्या रसायनतज्ज्ञ बाईबद्दल सांगितलं. कामाचा उरक एवढा की सगळ्यांना कौतुक. २०१२ मध्ये तिला अटक झाली, कारण पुष्कळ नमुने न तपासताच ती निकाल लिहीत होती. २०१७ मध्ये तिथल्या न्यायालयाने तिच्यामुळे २१ हजारांहून अधिक खटले रद्द केले.

"पण तिने न तपासता निकाल लिहिले," मी म्हणाले. "तू एकेक गोष्ट तेरा वेळा तपासतेस. तुझ्यात आणि तिच्यात सारखं काय?"

ती गप्प झाली. आणि त्या गप्प बसण्यापाशी माझे कान टवकारले. इतक्या वर्षांत माझ्या एक लक्षात आलंय. होऊ शकेल अशा गोष्टीला घाबरणारा माणूस बोलत सुटतो. होऊन गेलेल्या गोष्टीला घाबरणारा मधेच थांबतो.

मी खोदून विचारलं नाही. तसं विचारलं की माणूस खोटं तरी बोलतो, नाहीतर पुढच्या वेळी येत नाही. पुढच्या भेटीत मी वही घेऊन बसले आणि म्हटलं, "आज तू मला तुझं काम शिकव. बाटली आली इथपासून."

ती खुलली. सील कसं तपासायचं, बाटली कोणाकडून कोणाकडे किती वाजता गेली याची साखळी कशी लिहायची, हे सगळं हातवारे करून सांगू लागली. मग मशीनवर आली. ट्रेमध्ये व्हायली, म्हणजे नमुन्याच्या छोट्या कुप्या, ओळीने लावतात. आधी ब्लँक, म्हणजे अल्कोहोल नसलेली. मग प्रमाण ठाऊक असलेल्या. मग केसेस.

"ब्लँक आधी कशाला?"

"आधीचं काही मशीनमध्ये उरलं असेल तर दिसावं."

"म्हणजे मशीनवर विश्वास नाही तुमचा?"

"विश्वासाचा प्रश्नच नाही मॅडम. स्वच्छ आहे हे दाखवावं लागतं." आणि तिने जर्मनीतल्या हाइलब्रॉन शहराची गोष्ट सांगितली. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या सुमारे ४० गुन्ह्यांच्या ठिकाणी एकाच अज्ञात बाईचा डीएनए सापडत होता. २००७ मध्ये हाइलब्रॉनला एका पोलीस अधिकारी महिलेचा खून झाला, तिथेही तोच. ती बाई अखेर २००९ मध्ये सापडली. नमुने घेण्याचे कापसाचे बोळे जिथे तयार व्हायचे, तिथली ती कामगार होती. बोळे निर्जंतुक होते, पण निर्जंतुक म्हणजे डीएनएमुक्त नव्हे. "कोरा बोळा आधी तपासला असता तर तेव्हाच कळलं असतं," ती म्हणाली. बोलताना हसत होती. पाच भेटींत पहिल्यांदा.

"आणि एका केसच्या किती व्हायली?"

"दोन. एकाच बाटलीतून दोनदा रक्त घ्यायचं. दोन्हींची उत्तरं जुळली पाहिजेत."

"नाही जुळली तर?"

तिने पाण्याचा ग्लास उचलला, ठेवला, परत उचलला.

दीड वर्षापूर्वी तिच्या दोन केसेस ट्रेमध्ये शेजारी शेजारी होत्या. पहिलीची दुसरी व्हायल आणि दुसरीची पहिली, या दोघींची लावताना अदलाबदल झाली. कागदावर उत्तरं आली तेव्हा एकाच माणसाच्या रक्तात एका व्हायलीत शून्य, दुसरीत भरपूर. शेजारच्या केसचंही तसंच. पाहता क्षणी तिला कळलं. तिने दोन्ही बाटल्यांतून नव्याने रक्त घेतलं, सगळी बॅच परत चालवली, उत्तरं नीट जुळली, तीच रिपोर्टात गेली. नोंदवहीत तिने लिहिलं, 'पुन्हा चालवले'. का, ते लिहिलं नाही. मशीनच्या कॉम्प्युटरमध्ये मात्र ती पहिली फेरी तशीच आहे; ती पुसता येत नाही.

"दीड वर्षं मी त्या कॉम्प्युटरकडे बघून काम करते," ती म्हणाली.

मला तेव्हा सगळं एकदम उमगलं, आणि माझ्या पहिल्या तीन भेटींची लाजही वाटली. मी भविष्यातल्या भीतीवर औषध देत होते आणि ही मागच्याचं प्रायश्चित्त घेत होती. अकरा वेळा लेबल वाचणं ही खबरदारी नव्हतीच, तो दंड होता. म्हणून तर समजूत पटूनही आकडा वाढला.

मी एवढंच विचारलं, "तुझी चूक पकडली कोणी?"

"मीच."

"तू कशावरून पकडलीस?"

"दुसऱ्या व्हायलवरून."

"ती दुसरी व्हायल लॅबने ठेवलीय कोणासाठी?"

बराच वेळ ती वहीतल्या माझ्या वेड्यावाकड्या आकृतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चुकणाऱ्यासाठी." आणि थोड्या वेळाने, "म्हणजे मी येणार हे आधीच धरलेलं होतं."

एलिसवर मी दोन तास बोलले असते तरी हे वाक्य मला देता आलं नसतं. ते तिच्याच ट्रेमध्ये होतं. समोरच्याच्या कामात शहाणपण साठलेलं असतं, समुपदेशकाने ते त्याच्याचकडून शिकून त्याला परत द्यायचं असतं, असं माझं मत आहे. त्या दिवशी मी स्वतःवर जरा खूश होते, खोटं कशाला बोलू.

पण ती शास्त्रज्ञ. पुढच्याच भेटीत त्या सुंदर वाक्याला तिनेच भोक पाडलं. "दोन्ही जोड्या पूर्ण उलट गेल्या असत्या तर? उत्तरं जुळली असती आणि रिपोर्ट उलटे गेले असते."

"त्यासाठी काय असतं?"

"दुसरा माणूस. ट्रे लावल्यावर क्रम त्याने वाचायचा."

"त्या दिवशी वाचला होता?"

"सही आहे."

"मी सहीचं विचारत नाहीये."

सहकाऱ्याने ट्रे न बघता सही केली होती. कामाच्या रेट्यात सगळेच तसं करत, तीही करत असे. म्हणजे ती स्वतःबरोबर त्यालाही झाकत होती. आणि दीड वर्षं लॅबमध्ये ती खिडकी उघडीच होती.

"जा आणि कबूल कर" असं मी म्हणाले नाही. लॅबनी काम कसं करावं याचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १७०२५, तिला तोंडपाठ होतं. निकषात न बसलेल्या कामाचं काय करायचं याचं कलम ७.१० आहे, हे तिनेच मला सांगितलं. तीन आठवडे लागले. आधी सहकाऱ्याशी बोलली, मग दोघं मिळून वरिष्ठांकडे गेली. पुढचं गोड झालं असं नाही. दोन्ही बाटल्या दुसऱ्याने तपासल्या, निकाल तेच आले. दोन्ही फाइलींत टिपण जोडलं गेलं. दोघांनाही लेखी समज मिळाली आणि काही दिवस तिला रिपोर्टवर सही करू दिली नाही. आता मात्र तिथे दुसरा माणूस क्रम मोठ्याने वाचतो, आणि लावणाऱ्याचा कागद त्याच्या हातात नसतो.

हा शेवटचा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. २००४ च्या माद्रिद बॉम्बस्फोटांनंतर एफबीआयने एका पिशवीवरचा बोटाचा ठसा अमेरिकेतल्या एका वकिलाचा ठरवला. एकाने ठरवला, इतरांनी पडताळला, न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञानेही मान डोलावली. ठसा दुसऱ्याच माणसाचा निघाला, आणि तोवर तो वकील दोन आठवडे कोठडीत होता. पडताळणाऱ्यांना पहिल्याचं उत्तर आधीच ठाऊक होतं. पुढे २००६ मध्ये इतिएल द्रोर या संशोधकाने पाच ठसेतज्ज्ञांना त्यांनीच पूर्वी जुळवलेले ठसे दिले, पण सांगितलं की हे त्या माद्रिद प्रकरणातले चुकलेले. पाचांतल्या चौघांनी स्वतःचंच जुनं मत बदललं. ही माणसं निष्काळजी नव्हती.

म्हणून या कामात नव्याने येणाऱ्यांना मी सांगते: संशयित कोण आहे, त्याने काय कबूल केलंय, हे तुमच्या तपासणीला लागत नसेल तर ऐकूच नका. तुम्हाला विचारलेला प्रश्न छोटा असतो. रक्तात अल्कोहोल आहे का, किती आहे, मोजण्यात किती इकडेतिकडे होऊ शकतं. दोषी कोण, हा तुमचा प्रश्न नाही. तो खांद्यावर घेतलात तर झोप जाईल, आणि हात कापतील ते वेगळंच. आणखी एका गोष्टीची तयारी ठेवा. बहुतेक केसेसचं पुढे काय झालं ते तुम्हाला कधीच कळणार नाही. काहींना हेच सर्वांत जड जातं. ज्यांना शेवट कळल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांनी या नोकरीचा नीट विचार करावा, असं मी स्पष्ट सांगते. पालकांना ते आवडत नाही.

वरिष्ठांना एकच विचारते: तुमच्या विभागात गेल्या वर्षी किती चुका नोंदवल्या गेल्या? "एकही नाही" असं अभिमानाने सांगणारा विभाग मला अकरा वेळा लेबल वाचणाऱ्या मुलीपेक्षा जास्त आजारी वाटतो.

काही महिन्यांनी ती साक्षीला उभी राहिली. उलटतपासणीत वकिलाने विचारलंच, "तुमच्या हातून कधी चूक झाली आहे का?" ती "हो" म्हणाली आणि नोंदीचा क्रमांक आणि तारीख सांगितली. वकिलाने त्यावर आणखी दहा मिनिटं घेतली, चांगलंच पिळलं. बाहेर आल्यावर पाय लटपटत होते, असं तिने फोनवर सांगितलं.

"आणि लेबलं? आता किती वेळा?"

"तीन."

"तीन कशाला?"

"दोन वेळा नियमात आहे मॅडम. एकदा माझं."