पीएच ७.८ आलाय म्हणून घाबरू नकोस

अरे, तुझ्या फिशटँकच्या पाण्याचा पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली याचा आकडा) ७.८ आला म्हणून तू तो उतरवायला निघालास, पण आधी ती पीएच डाउनची, म्हणजे पीएच कमी करायच्या औषधाची बाटली बाजूला ठेव. बोअरचं पाणी जड असतं, त्यात कार्बोनेट भरपूर, म्हणजे केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, हेच पीएच धरून ठेवतं) जास्त, त्यामुळे तू आज पीएच खाली आणलास तरी एकदोन दिवसात परत वर जाणार आणि ह्या वरखाली होण्यानेच मासे जातात, ७.८ने नाही. पीएच एक आकडा बदलला म्हणजे आम्लता दहापट बदलते, हे लक्षात ठेव. माझ्या पहिल्या टँकमधले सहा निऑन टेट्रा मासे असेच गेले, अजून वाईट वाटतं.

तुझ्याकडे गप्पी आणि मॉली आहेत ना, मग त्यांना हे पाणी उलट आवडतं!

टेस्ट करताना बोअरचं ताजं पाणी लगेच मोजू नको, बादलीत २४ तास ठेव मग मोज, कारण त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून गेल्यावर खरा आकडा कळतो. आणि टँकमध्ये झाडं असतील तर पीएच सकाळी कमी, संध्याकाळी जास्त येणारच, म्हणून रोज एकाच वेळी बघ. थेंब टाकून मोजायचं लिक्विड किट घे, टेस्टच्या पट्ट्यांवर माझा फारसा भरवसा नाही.

अमोनिया मात्र नक्की तपास, पीएच जास्त असला की तो जास्त विषारी होतो.

पुढे टेट्रा ठेवायचेच असतील तर आरओचं पाणी थोडं थोडं मिसळत जा, ड्रिफ्टवूड (टँकमध्ये ठेवायचं लाकूड) किंवा बदामाची वाळलेली पानं टाक, म्हणजे पीएच हळूहळू उतरेल. शंखशिंपले, संगमरवर अजिबात नको, ते पीएच वाढवतात. पाणी आठवड्याला २०-२५ टक्केच बदल.