एक चाक हवेत लटकलं तर लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल सगळा टॉर्क दुसऱ्या चाकाला देतं का?

नाही. आणि साधं डिफरन्शियल (इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारा गिअरांचा संच) ‘घसरणाऱ्या चाकाकडे जास्त टॉर्क पाठवतं’ असं बरेच जण म्हणतात, तेही खरं नाही. ते बिचारं दोन्ही चाकांना कायम सारखाच टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, देतं, फक्त वेग वेगळा होऊ देतं. गोची अशी की चिखलातलं चाक 100 न्यूटन-मीटरला घसरत असेल, तर कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही 100च मिळतात. ॲक्सिलरेटर कितीही दाबा, घसरणारं चाक नुसतं गरगरतं.

लिमिटेड-स्लिपमध्ये मुद्दाम घर्षण आणलेलं असतं. टॉर्सन प्रकारात जोर आला की तिरक्या दातांचे गिअर कवचावर दाबले जातात आणि चाकांच्या वेगात फरक पडायला विरोध करतात. त्याचा बायस रेशो (घसरणाऱ्या चाकाच्या किती पट टॉर्क दुसऱ्याला जाऊ शकतो ते प्रमाण) 3:1 असेल, तर घसरणाऱ्या चाकाच्या 100 वर दुसऱ्याला 300 पर्यंत मिळू शकतात. पण हा गुणाकार आहे. चाक हवेत असेल तर शून्याची तिप्पट शून्यच!

अशा वेळी जुने ड्रायव्हर मागची चाकं ओढणाऱ्या गाडीत हँडब्रेक हलका ओढतात. मला ही युक्ती बरीच वर्षं भोंदूगिरी वाटायची. कागदावर मांडल्यावर पटली. ब्रेकने दोन्ही मागच्या चाकांना 100-100 चा अडथळा केला की हवेतलं चाक 100 ‘पेलतं’, दुसऱ्याला 300 मिळतात, त्यातले 100 त्याचा स्वतःचा ब्रेक खातो, तरी 200 उरतात. साध्या डिफरन्शियलला हाच हिशेब लावा: 100 मिळाले, 100 ब्रेकने खाल्ले, हातात काही नाही. म्हणूनच इलेक्ट्रॉनिक ट्रॅक्शन कंट्रोल फक्त घसरणाऱ्या चाकालाच ब्रेक लावतं.

क्लच प्लेटांच्या प्रकारात बहुधा स्प्रिंगचा आधीच दाब दिलेला असतो, त्यामुळे चाक हवेत असलं तरी दुसऱ्याला थोडा टॉर्क मिळतो. जोर वाढला की पिनियनचा (आतल्या छोट्या गिअरांचा) दांडा प्लेटांना दाबणाऱ्या रिंगांच्या उतारावर सरकून प्लेटा आणखी आवळतो. मात्र प्लेटा झिजतात, आणि तेलही त्यांना चालणारंच लागतं. भलतं घातलं तर वळणावर घरघर सुरू होते.

थारच्या काही मॉडेल्समध्ये मागे येतं ते मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल. दोन चाकांच्या वेगात फार फरक पडला की ते दोघांना एकत्र जखडून टाकतं. मग चाक हवेत असलं तरी जमिनीवरच्या चाकाला पेलेल तेवढा सगळा टॉर्क मिळतो. तुम्ही ज्याची अपेक्षा करताय, ते हे.